मावशीच्या रिपोर्टमधल्या ओळी सोडवताना

‘पेरिहायलर कोलँजिओकार्सिनोमाची शक्यता, बिस्मथ टाइप ४.’ मावशीच्या एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) रिपोर्टच्या तळाशी एवढंच लिहिलं होतं. म्हणजे लिव्हरच्या तोंडाशी असलेल्या पित्तनळ्यांचा कॅन्सर. घरात मराठी माध्यमातून सायन्सपर्यंत पोचलेली मीच, त्यामुळे फाइल माझ्याकडे आली आणि पुढचे महिने मी अशा ओळी सोडवत बसले.

आधी नळ्या समजून घ्याव्या लागल्या. लिव्हर रोज पाऊण-एक लिटर पित्त तयार करतं. ते नेणाऱ्या नळ्यांची रचना झाडासारखी असते: लिव्हरच्या आत बारीक डहाळ्या, त्या जुळून उजवी आणि डावी फांदी, दोन्ही फांद्या लिव्हरच्या तोंडाशी मिळून एक खोड, आणि ते खोड लहान आतड्यात उघडतं. या नळ्यांना आतून जे पेशींचं अस्तर असतं, त्यात हा कॅन्सर सुरू होतो. तो डहाळीत झाला तर गाठ बराच काळ गुपचूप वाढते, कारण बाकीच्या डहाळ्या काम चालू ठेवतात. मावशीचा होता नेमका दोन फांद्यांच्या सांध्यावर. तिथे गाठ छोटी असली तरी सगळी वाट बंद. म्हणून कावीळ, गडद लघवी, पांढुरकी शौच आणि झोप उडवणारी खाज. जेराल्ड क्लॅटस्किन यांनी १९६५ मध्ये या सांध्यावरच्या गाठींचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून डॉक्टर आपसात ‘क्लॅटस्किन’ म्हणतात.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ब्रशच्या रिपोर्टने. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, पित्ताची वाट मोकळी करणारी नळी (स्टेंट) बसवली, तेव्हाच नळीच्या आतून पेशी खरवडून घेतल्या होत्या. उत्तर आलं: ‘संशयास्पद पेशी, निश्चित निदान नाही.’ मामा म्हणाला, “म्हणजे कॅन्सर नाहीच!” पण या गाठीची घडणच अशी की तिच्यात कॅन्सरच्या पेशी विरळ आणि भोवती चिवट तंतूंचं दाट जाळं. ते जाळं विणतात शरीराच्याच पेशी, फायब्रोब्लास्ट नावाच्या. कॅन्सर त्यांना कामाला लावतो. शिवाय गाठ पुष्कळदा नळीच्या पोकळीत न येता भिंतीतून पसरते. ब्रश वरवरचं खरवडतो, त्याच्या हाती पुष्कळदा पुरेसं काही लागत नाही. म्हणून ब्रश निगेटिव्ह आला तरी कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही. नंतर नळीतच बारीक दुर्बीण घालून तुकडा घेतला, तेव्हा अडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर, नक्की झाला.

ऑपरेशन का नाही, याचंही उत्तर त्याच स्वभावात आहे. हा कॅन्सर भिंतीच्या कडेकडेने आणि मज्जातंतूंना धरून सरपटतो. टाइप ४ म्हणजे तो दोन्ही बाजूंच्या फांद्यांमध्ये आत शिरलेला. शेजारूनच लिव्हरला रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात. काही निवडक केंद्रांत अशाही केसेस करतात, पण मावशीच्या वाहिन्या वेढल्या गेल्या होत्या.

सीए १९-९ या रक्तातल्या कॅन्सर-मार्करचं मात्र फार मनावर घेऊ नये, असं माझं मत झालंय. आकडा भरमसाट होता, स्टेंटनंतर बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग देणारा घटक) उतरलं तसा तोही उतरला, घरात पेढे वाटायचे बाकी होते. पण पित्त तुंबलं किंवा नळीत इन्फेक्शन झालं तरी तो चढतो. आणि काही लोकांच्या शरीरात तो रेणू जन्मतःच तयार होत नाही, त्यांना कॅन्सर असूनही आकडा शून्याजवळ.

“पण मलाच का?” हे मावशीने एकदाच विचारलं. माहीत असलेली कारणं मी वाचून दाखवली: नळ्यांना वर्षानुवर्षं सूज आणणारा पीएससी हा आजार, लिव्हरमधल्या नळ्यांतले खडे, नळीची जन्मजात फुगवटी, ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशांतून पोटात जाणारा यकृतकृमी. सगळ्यांत समान धागा दीर्घकाळच्या दाहाचा: पेशी मरतात, नव्या घाईने बनतात, डीएनएतल्या चुका साठत जातात. पण बहुतेक रुग्णांत यातलं काहीच सापडत नाही. तिच्यातही नव्हतं. “मग इतकी वर्षं पथ्य उगाच पाळलं म्हणायचं,” एवढंच ती म्हणाली.

मग जनुकांची तपासणी. एफजीएफआर२ आणि आयडीएच१ या नावांवर माझा सगळा जीव अडकला होता, कारण एफजीएफआर२ मधल्या बदलावर पेमिगॅटिनिब (अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर) आणि आयडीएच१ वर आयव्होसिडेनिब (२०२१) ही औषधं आहेत. पहिल्यात पेशीला ‘वाढ’ सांगणारा रिसेप्टर दुसऱ्या जनुकाला जोडला जाऊन कायम चालू राहतो. दुसऱ्यात बिघडलेलं एन्झाइम भलताच पदार्थ बनवतं आणि पेशी परिपक्वच होत नाही. पण हे दोन्ही बदल प्रामुख्याने डहाळ्यांतल्या कॅन्सरमध्ये सापडतात. सांध्यावरच्या गाठींत केआरएएस आणि टीपी५३ या जनुकांतले बदल जास्त. मावशीचा रिपोर्ट तसाच आला: टीपी५३, आणि केआरएएसमधला जी१२डी नावाचा बदल. केआरएएसच्या जी१२सी या भावंडासाठी मंजूर औषधं आहेत, तिच्या प्रकारासाठी नव्हतं. नाव एक, फाइलवर ठसा एक, पण आत वेगळे आजार आहेत, हे मला त्या पानाने पटवलं.

तिला जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन ही केमो आणि सोबत ड्यूरव्हॅल्युमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सुरू आहे. पहिली जोडी २०१० पासूनची, तिसऱ्याची भर २०२२ मधली.

तुमच्यावर ही वेळ आली तर तुकडा घेण्याआधीच डॉक्टरांना विचारा की जनुक तपासणीला पुरेल एवढा निघेल का. आमचा जेमतेम पुरला. नाही पुरला तर रक्तातल्या डीएनएवरूनही तपासणी होते, फक्त त्यात काही बदल निसटू शकतात. आणि पॅथॉलॉजीचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे) लॅबकडून मागून घेता येतात. दुसरं मत घ्यायला आम्ही तेच नेले होते.