तुम्ही विचारलंत म्हणून: विट्याचा माणूस ईस्ट बंगालचा कसा?

नाही, ईस्ट बंगाल हा बांगलादेशचा क्लब नाही, कोलकात्याचा फुटबॉल क्लब आहे. जत्रेला विट्यात आलो की पहिला प्रश्न हाच येतो, म्हणून त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. दुसरा प्रश्न असा, की तुम्ही बंगाली नाही, तर तुमचा त्या क्लबशी संबंध काय? तिसरा जरा टोचून विचारतात. सारखा हरणारा संघ कशाला धरून बसलाय, फुटबॉलच बघायचाय तर कोल्हापूर काय लांब आहे, शाहू स्टेडियमवर जाऊन पाटाकडील तालमीची मॅच बघा की!

पाटाकडीलची मॅच मीही बघतो. पेठेच्या आणि तालमीच्या नावानं फुटबॉल खेळणारं ते शहर मला मनापासून आवडतं. पण या तीन प्रश्नांना तीन ठिकाणी अर्धीमुर्धी उत्तरं देऊन आता थकलोय, तेव्हा एकदाच सगळं सांगतो. आपण गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, कोलकात्यात काय करतो, हे खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला सांगायची गरज नाही, ते सोडून देतो.

क्लब स्थापन झाला १ ऑगस्ट १९२० ला. फाळणी १९४७ ची, बांगलादेश १९७१ चा. १९२० मध्ये ‘ईस्ट बंगाल’ नावाचा कुठला देश नव्हता. एकाच प्रांतातला तो पूर्वेचा मुलूख होता: ढाका, मयमनसिंह, बारिसाल, चितगाव. तिकडून शिकायला, नोकरीला, वकिलीला आलेल्यांना कोलकात्याचे जुने रहिवासी त्यांच्या बोलीवरून ‘बांगाल’ म्हणून हिणवायचे. हे जुने रहिवासी म्हणजे घोटी. मोहन बागान हा क्लब त्यांचा, १८८९ पासूनचा, आणि १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकलेला.

२८ जुलै १९२० ला कूचबिहार कपात जोडाबागान विरुद्ध मोहन बागान असा सामना होता. जोडाबागानने शैलेश बोसला ऐनवेळी संघातून काढलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी हे टांगाइलकडच्या नागरपूरचे जमीनदार. त्याला का काढलं, असं त्यांनी विचारलं, परत घ्या असा आग्रह धरला. कारणही मिळालं नाही आणि बोसही मैदानात उतरला नाही. चौधुरींनी क्लब सोडला आणि चार दिवसांत नवा उभा केला. पहिले अध्यक्ष शारदारंजन राय, सत्यजित राय यांच्या आजोबांचे थोरले भाऊ. नाव काय ठेवायचं यावर फार चर्चा करायची गरजच नव्हती. ज्या नावानं हिणवलं जात होतं, तेच जर्सीवर चढवलं.

पुढची अडवणूक नियमाची. कलकत्ता लीगच्या पहिल्या विभागात भारतीय संघ दोनच, असा दंडक होता, आणि त्या दोन जागा मोहन बागान आणि आर्यन यांनी भरलेल्या होत्या. दुसऱ्या विभागातून वर यायला ईस्ट बंगालला आधी तो नियमच बदलून घ्यावा लागला. १९२५ मध्ये ते वर आले आणि २८ मे रोजी लीगमधल्या पहिल्याच भेटीत मोहन बागानला १-० हरवलं. गोल नेपाळ चक्रवर्तीचा. क्लबच्या चिन्हातली मशाल १९३० सालची. कायदेभंगाच्या धामधुमीत लीग मध्येच थांबली, वर चढायची संधी हुकली, तेव्हा समर्थकांनी मशाली पेटवून मोर्चा काढला होता.

इथवर हा मानापमानाचा भाग होता. फाळणीनं त्याचं वजनच बदललं. सियालदा स्टेशनावर उतरलेले लाखो लोक जादवपूर, बिजयगडच्या वसाहतींत बांबू आणि पत्रे रोवून राहिले. त्यांचं गाव आता दुसऱ्या देशात गेलं होतं. घर गेलं, शेत गेलं, आणि त्या मुलखाचं नाव उघडपणे मिरवता येईल अशी कोलकात्यात जी मोजकी ठिकाणं उरली, त्यांत मैदानावरचा हा लाल-सोनेरी तंबू, म्हणजे क्लबचं ठाणं, होता. म्हणून तिथं लोक संघ जिंकतो की हरतो एवढंच बघायला जात नाहीत. विट्यातल्या मित्रांना हे पटत नाही, पण ते खरं आहे.

आता दुसरा प्रश्न, बंगाली नसण्याचा. ईस्ट बंगालची आजवरची सर्वांत गाजलेली आघाडीची फळी म्हणजे ‘पंचपांडव’: व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. बेंगळुरू, काकीनाडा, केरळ अशा ठिकाणांहून जमवलेली माणसं. पाचांत एकही बंगाली नाही. १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षं शील्ड आली ती यांच्या काळात. ३० सप्टेंबर १९७५ ला शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानवर ५-० असा विजय मिळाला, त्यातले दोन गोल श्याम थापाचे, तोही बंगाली नव्हे. आपल्या धंद्यात टंच काढताना, म्हणजे सोन्याचा कस बघताना, मोड (मोडीत आलेला दागिना) कुठल्या घरातून आली ते विचारत नाहीत. त्या तंबूतही खेळाडूला आणि गॅलरीतल्या माणसाला कोणी कधी ते विचारलेलं नाही.

पूर्वी मी याहून एक पाऊल पुढं जायचो. दुष्काळानं गाव सोडून आलेले आपण गलाईवालेही बांगालच, असं म्हणायचो. आता ते म्हणवत नाही. आपण जत्रेला परत येतो, बंगला बांधतो, म्हातारपणी इथंच राहायला येतो. त्यांना परतायला गाव नव्हतं. साम्य आहे ते एवढंच, की परक्या शहरात आपलं म्हणून एक ठिकाण लागतं. त्याहून जास्त दावा करणं त्यांच्या दुःखावर हक्क सांगण्यासारखं होईल.

आणि या निष्ठेची काळी बाजू लपवायची मला गरज वाटत नाही. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात मैदानातली हाणामारी गॅलरीत पोचली आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक मेले. कोलकात्यात त्या तारखेला अजून रक्तदान होतं.

पण मला खरं सांगायचंय ते २०१८ ते २०२२ बद्दल, कारण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे. तुम्हाला दिसतो तो तळाला गेलेला संघ. तो तळाला गेला कसा, ते टीव्हीवर दिसत नाही.

ईस्ट बंगाल ही नोंदणीकृत संस्था आहे. तिचे मेंबर वर्गणी भरतात, कार्यकारिणी निवडतात. संस्थेला शेअर विकता येत नाहीत. त्यामुळे बाहेरून पैसा आणायचा तर वेगळी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढतात आणि ‘स्पोर्टिंग राइट्स’, म्हणजे स्पर्धेत संघ उतरवण्याचा हक्क, त्या कंपनीच्या नावे करतात. एकदा हे झालं की संस्थेकडं तंबू, मैदान आणि इतिहास उरतो, पण संघ उरत नाही. गुंतवणूकदार निघून गेला तर त्यानं तो हक्क कागदोपत्री परत करावा लागतो. तोवर क्लबला एका खेळाडूचीही नोंदणी करता येत नाही.

२०१८ मध्ये बेंगळुरूची क्वेस कंपनी आली. पहिलाच हंगाम चांगला गेला, आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये चेन्नई सिटीचे ४३ गुण आणि आपले ४२. त्या लीगच्या १३ हंगामांत आपण चार वेळा दुसरे आलो, पहिले कधीच नाही. मे २०२० अखेर क्वेस बाहेर पडली. हक्क परत मिळेपर्यंत जुलै उजाडला. १ ऑगस्ट २०२० ला क्लबला शंभर वर्षं झाली तेव्हा गुंतवणूकदार नव्हता, लीग नक्की नव्हती आणि कोविडमुळे तंबूसमोर गर्दीही करता येत नव्हती. मोहन बागान मात्र जानेवारीतच एटीके या कोलकात्याच्याच संघाशी करार करून आयएसएलमध्ये, म्हणजे वरच्या इंडियन सुपर लीगमध्ये, पोचला होता. ते तिकडं आणि आपण खालच्या लीगमध्ये, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. या घाईत २ सप्टेंबरला नबान्नमध्ये, म्हणजे राज्याच्या सचिवालयात, मुख्यमंत्र्यांनी नवा गुंतवणूकदार म्हणून श्री सिमेंटचं नाव जाहीर केलं. सही झाली ती टर्म शीटवर, म्हणजे प्राथमिक कागदावर. अंतिम करार नंतर करायचा होता. प्रशिक्षक रॉबी फाउलर, संघ उशिरा जमलेला, सगळे सामने गोव्यात रिकाम्या स्टेडियममध्ये. १७ गुण, अकरा संघांत नववा.

मग अंतिम कराराचा मसुदा आला आणि क्लब सहीला अडला. कंपनी म्हणत होती, टर्म शीटमध्ये जे मान्य केलं तेच यात आहे. क्लब म्हणत होता, मेंबरांचे हक्क, तंबूचा वापर आणि बाहेर पडायची वाट यांची कलमं वेगळी आहेत, आणि अशी सही केली तर सगळं कायमचं जाईल. महिने गेले. सही नाही म्हणून कंपनी पुढचा खर्च करेना, नवे खेळाडू घेता येईनात, असलेले निघून चालले. त्यातच कोस्टा रिकाच्या जॉनी अकोस्टाची जुनी थकबाकी फिफापर्यंत गेली आणि क्लबवर नव्या नोंदणीची बंदी आली. म्हणजे एका जुन्या कंपनीच्या काळातली देणी, दुसऱ्या कंपनीशी न झालेला करार, आणि मध्ये एक संघ, ज्यात प्रशिक्षकाला उभं करायला अकरा माणसं नाहीत.

२१ जुलै २०२१ ला तंबूसमोर समर्थक जमले. एक गट ‘सही करा’ म्हणत होता, दुसरा पदाधिकाऱ्यांच्या बाजूचा. दोन्हीकडं तीच लाल-सोनेरी जर्सी. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मोहन बागानशी भांडताना मार खाल्लेले खूप जण मला माहीत आहेत. आपल्याच तंबूच्या दारात, आपल्याच माणसासमोर मार खायची वेळ ईस्ट बंगालवाल्यावर आली, याचं दुःख मला कुठल्याही पराभवापेक्षा मोठं वाटतं. २५ ऑगस्टला पुन्हा नबान्नमध्ये तोडगा निघाला: अंतिम करार न होताच कंपनी एक हंगाम थांबेल. ट्रान्सफर विंडो ३१ ऑगस्टला बंद होणार होती. जे मिळाले ते खेळाडू घेऊन संघ गोव्याला गेला. २० सामने, १ विजय, ८ बरोबरी, ११ पराभव. शेवटचा क्रमांक. २९ जानेवारी २०२२ च्या डर्बीत, म्हणजे मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात, ५६ व्या मिनिटाला आपण आघाडी घेतली, आणि मग बदली आलेल्या कियान नासिरीनं तीन गोल मारले. त्याचे वडील जमशेद नासिरी १९८० मध्ये ईस्ट बंगालकडून खेळले होते.

तेव्हा मी ठामपणे सही करा म्हणणाऱ्यांत होतो. खेळाडूंचे पगार कलमांच्या वादावर चालत नाहीत, असं माझं म्हणणं होतं, आणि ते आजही खोटं ठरलेलं नाही. पण मग आपल्या महाराष्ट्राकडं बघतो. महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ, कंपनीनं ठरवलं आणि २०१० मध्ये बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१४ ला आला, २०१९ ला संपला, त्याची जागा हैदराबादच्या संघानं घेतली. त्यांच्या समर्थकांना मोर्चा न्यायला तंबूही नव्हता आणि मत द्यायला मेंबरशिपही नव्हती. ईस्ट बंगाल दोन वेळा गुंतवणूकदार गेल्यावरही उभा राहिला तो या हट्टी, चिवट, कधी कधी चीड आणणाऱ्या संस्थेमुळं. आणि त्याच संस्थेला संघ चालवण्याइतका पैसा उभा करता येत नाही, हेही तितकंच खरं.

एप्रिल २०२२ मध्ये श्री सिमेंटनं हक्क परत केले. २ ऑगस्टला इमामी या नव्या गुंतवणूकदाराबरोबर करार झाला. पुढं ऑगस्ट २०२३ मध्ये ड्युरँड कपात नंदकुमारच्या गोलवर चार वर्षांहून जास्त काळानं डर्बी जिंकली. २८ जानेवारी २०२४ ला भुवनेश्वरमध्ये ओडिशाला जादा वेळेत ३-२ हरवून सुपर कप घेतला, २०१२ नंतरचा पहिला राष्ट्रीय करंडक. २०२५ मध्ये महिला संघानं राष्ट्रीय लीग जिंकली, आणि विट्यात त्याबद्दल मला एकानंही विचारलं नाही, याचा मात्र राग आहे.

एवढं ऐकल्यावर मित्र चौथा प्रश्न काढतात: मग २०२१ मध्ये सही करायला हवी होती की नको? त्या मसुद्यावर, जसा होता तसा, नको होती. त्या हंगामासाठी, त्या पोरांसाठी, हवी होती. दोन्ही एकदम म्हणता येत नाही हे मला कळतं, पण माझ्याकडं आज तरी उत्तर एवढंच आहे.