कोंडा

काचेच्या बरण्यांची एक ओळ होती. प्रत्येकीत मूठभर तांदूळ. पहिल्या बरणीतला मळकट, असडीक. पुढच्या बरणीतला जरा उजळ. मग सत्तर टक्के, साठ, पन्नास आणि शेवटची बरणी पस्तीस टक्क्यांची. म्हणजे घासून घासून दाण्याचा शंभरातला पस्तीस भाग तेवढा ठेवलेला. तो तांदूळ वाटतच नव्हता. साबुदाण्यासारखे गोल, पांढरेफेक मणी. दुपारची वेळ, बाकीची मंडळी पलीकडे चव घ्यायच्या टेबलाशी, आणि मी बरण्यांपाशी खिळलेली.

“मावशी, प्यायचं तिकडे आहे,” भाचा दुसऱ्यांदा येऊन सांगून गेला.

हे गाव साइजो. हिरोशिमापासून लोकलने चाळीसेक मिनिटांवर. भाच्याचं विद्यापीठ जवळच, म्हणून मी इथे. नाहीतर साके, म्हणजे जपानची तांदळाची दारू, चाखायला लोक क्योतोच्या फुशिमीला किंवा कोबेच्या नादा भागात जातात. स्टेशनाबाहेर पडलं की घरांच्या वर लाल विटांची उंच धुराडी दिसायला लागतात, आणि पांढऱ्या भिंतींच्या जुन्या कुरा, म्हणजे साके बनवायच्या वखारी, एकीला लागून एक. दारावर सुगी नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या पानांचा मोठा गोळा टांगलेला. हिवाळ्यात नवी साके निघाली की हिरवा गोळा लावतात आणि वर्षभरात तो वाळून तपकिरी होतो. मी गेले ती फेब्रुवारीत, त्यामुळे गोळे अजून हिरवे होते.

मला तांदळाचा वास घ्यायची खोड आहे. वाण्याकडे पोत्यात हात घालायचा, मूठ नाकाशी न्यायची, दोन दाणे तोंडात टाकायचे. आता पिशव्या बंद येतात, तर भोक पाडून हुंगता येईल का, असा विचार मनात येतोच. ही खोड आजीची. भात झोडून झालं की आजी गिरणीत स्वतः जायची, गड्यावर सोडायची नाही. मी मागून. गिरणीत भिवंडीच्या दांडेकरांचं हलर होतं, त्याचा पट्टा फटफटत फिरायचा, आणि सगळं अंधुक, पिठूळ. बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून आजी खुणा करायची. गिरणीवाल्याने जास्त सडला तर ती हात उंचावून यंत्र थांबवायला लावायची. तांदळाचं सत्त्व कोंड्यात जातं, असं तिचं ठाम मत. घरी येताना तांदळाची गोणी वेगळी, कणी वेगळी, कोंडा वेगळा, आणि तूससुद्धा. कणीची पेज, कोंडा म्हशीच्या आंबोणात, तूस चुलीला. गोणी उतरवल्यावर खाली सांडलेले दाणे वेचायचं काम माझं.

तिला मी ही पस्तीस टक्क्यांची बरणी कशी समजावली असती?

कारण तसं सरळ आहे. दाण्याच्या बाहेरच्या भागात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त, त्यांनी साकेला जड, भरड चव येते. मधला पांढरा गाभा पिठूळ स्टार्चचा. साठ टक्के किंवा त्याहून कमी दाणा ठेवला तर त्या साकेला गिंजो म्हणतात, पन्नास किंवा त्याखाली दाइगिंजो. घाई केली तर दाणा तापतो, तडकतो, म्हणून पन्नासपर्यंत यायलाच दोनेक दिवस जातात. आणि जपानातलं पहिलं यांत्रिक शक्तीवर चालणारं तांदूळ सडायचं यंत्र साताके नावाच्या माणसाने 1896 मध्ये बनवलं, ते ह्याच साइजोत. म्हणजे मी दांडेकरांच्या माहेरीच आले होते म्हणायचं.

मग तो कोंडा जातो कुठे, हे विचारल्याशिवाय मला राहवेना. आतला बारीक पांढरा कोंडा म्हणजे पीठच. त्याच्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या आणि मिठाया होतात. बाहेरचा जनावरांना. कोंड्याचा मांडा! आजीचा अर्धा राग तरी गेला असता.

आता साके. आधी दाइगिंजो, थंड. नाकाशी नेली तर सफरचंद, केळं, खरबूज. तांदळाचा मागमूस नाही. एवढा तांदूळ झिजवायचा आणि वास फळाचा यायचा, हे काही मला पटलं नाही. सगळे वा वा करत होते, मीही मान डोलावली. संध्याकाळी मात्र एका छोट्या खानावळीत भाच्याने साधी जुनमाई, म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली साके, गरम करून मागवली आणि पेल्यातून पेजेचा वास आला. गरम, आंबूस, ओळखीचा. माझी निवड झाली.

इथे स्वतःचा पेला स्वतः भरायचा नसतो. त्यामुळे ज्याला मी वरणभात भरवला तो भाचा मला दारू ओतत होता आणि मी त्याला. “आईला सांगू नकोस,” असं दोघंही एकदमच म्हणालो.

कुरांच्या दारात विहिरी आहेत, गावातले लोक कॅन घेऊन पाणी भरायला येतात. पाणी मऊ. पूर्वी ह्या मऊ पाण्यात साके नीट आंबत नसे. नादाचं पाणी जड, खनिजांचं, तिथे यीस्ट जोमाने चालतं. मऊ पाण्यात कमी तापमानावर सावकाश आंबवायची रीत मिउरा सेन्झाबुरो यांनी बसवली आणि 1898 मध्ये लिहून छापलीही. ते जवळच्या आकित्सुचे, समुद्रकाठचे.

त्याच आकित्सुत आज इमादा मिहो आहेत. 1868 पासूनच्या घरच्या कुराच्या तोजी, म्हणजे मुख्य कारागीर. हात्तानसो नावाचा विस्मरणात गेलेला तांदूळ त्यांनी पुन्हा पिकवून घेतला. त्यांची फुकुचो नावाची साके भाच्याने एका दुकानात शोधून काढली.

बाई तोजी, ह्यात नवल काय? पण नवल होतं. कितीतरी काळ कुरात बायकांना पाऊल टाकू देत नसत. त्याआधी, फार जुन्या काळी, तांदूळ चावून आंबवायचं काम बायकांकडे असे म्हणतात. मग दार बंद. कारणं निरनिराळी सांगतात. नात्तो खाऊन कुरात जायचं नाही, हा नियम मला कळतो. आंबवलेल्या सोयाबीनमधला तो जिवाणू चिवट, साकेसाठी तांदळावर वाढवतात त्या कोजी नावाच्या बुरशीत शिरला तर सगळी खोली वाया. पण बाई?

आमच्याकडे लोणचं आत्या घालायची. सबंध वाडीत तिच्या हाताला तोड नव्हती. फोडी, मीठ, मोहरी, तेल, सगळं तिच्या अंदाजाने. तरी महिन्यातले ते चार दिवस बरणीवर तिची सावली पडलेली आजीला चालत नसे. तीच आजी, जी गिरणीवाल्याला तोंडावर सत्त्वाची गोष्ट सुनवायची. लोणच्यावर पांढरं धरलं की पहिला प्रश्न आत्यालाच, सगळ्यांदेखत. ती उत्तर द्यायची नाही. वरचा थर काढायची, तेल तापवून थंड करून ओतायची, दादरा बांधायची.

बुरशी का येते हे तिला पक्कं ठाऊक होतं. कोणीतरी बरणीत ओला चमचा घातलेला असे. बहुतेक वेळा आजोबांनी.