पानमळ्यातली चाय: भादव्याची तोडणी, हातानं वळलेली पत्ती आणि पाण्याचा प्रश्न

यंदाचा उन्हाळा चहाच्या रोपांनी काढला, आणि तो पानमळ्याच्या जिवावर काढला. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीकडे पानवेली अन् पानपिंपरीची (लेंडीपिंपळीची) शेती जुनी. मळ्यात उंच झाडांची सावली, कडेनं वारा अडवणाऱ्या ताट्या, आणि कधीही गेलं तरी पायाखाली ओल. बाहेर पारा ४५ च्या वर असताना तिथं गारवा टिकतो. शेजारच्या काकाजींनी त्यांच्या मळ्याचा एक कोपरा माझ्या कुंड्यांना दिला. आसामात चहाच्या बागांमध्ये सावलीसाठी शिरीषाची झाडं मुद्दाम लावतात. इथं ते काम मळ्यानं केलं. पानांच्या कडा थोड्या करपल्या, पण मृगाचे पाऊस लागल्यावर प्रत्येक रोपाला नवी फूट आली.

विदर्भात कोणी शेतात चहा लावायचं मनात आणत असेल तर माझं स्पष्ट मत: कुंडीतच लावा. चहाला ४.५ ते ५.५ पीएचची आम्लधर्मी माती लागते; आपली कपाशीची काळी जमीन बहुतेक ठिकाणी ८ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी. शिवाय काळ्या मातीत पाणी तुंबतं आणि चहाची मुळं कुजतात. मी लाल मुरमाड माती, कुजलेला पालापाचोळा आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरतो. बोअरचं पाणी सतत दिलं तर नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडायला लागतो, कारण माती अल्कधर्मी होत गेली की मुळांना लोह उचलता येत नाही. म्हणून टिनावरून उतरणारं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवतो. पहिल्या सरींचं सोडून द्यायचं, नंतरचं धरायचं.

आता मुख्य गोष्ट, भादव्यातली तोडणी. एक कळी, दोन पानं. तिसरं कितीही कोवळं दिसलं तरी झाडावरच ठेवायचं. सकाळी दव उडाल्यावर तोडलेली पत्ती २०० ग्रॅम भरली. परसातल्या सावलीत खाटेवर जुनं सुती धोतर अंथरून तिचा पातळ थर पसरला. हे विदरिंग, म्हणजे पानातलं पाणी सावकाश उडू देणं. घड्याळ इथं फारसं उपयोगाचं नाही. ढगाळ, दमट हवा असली तर पत्ती दुसऱ्या सकाळपर्यंत वेळ घेते. कोरडा वारा सुटला तर रात्रीची जेवणं व्हायच्या आत तयार होते. देठ वाकवला तर मोडायला नको. मूठभर पत्ती दाबून सोडली तर ती एकदम न उसळता हळूहळू सुटायला हवी. आणि वास! सुरुवातीला नुसत्या कापलेल्या गवताचा येतो, मग एका टप्प्यावर पिकायला आलेल्या पेरूसारखा गोडसर होतो. तो वास आला की थांबायचं नाही, लगेच वळायला घ्यायचं.

वळताना पत्तीचं फडक्यात गाठोडं बांधून पाटावर तळहातानं गोल गोल फिरवतो. आधी जोर अगदी हलका, नंतर थोडा वाढवत. पान फाटायला नको, पण आतल्या पेशी फुटून रस वर यायला हवा. थोड्या थोड्या वेळानं गाठोडं उघडून गुंते मोकळे करायचे, नाहीतर आत ऊब धरते आणि वास जातो. शेवटी पत्तीला पीळ बसतो, तळहात चिकट होतात. मग सुपात पसरून वर ओलं फडकं. पानाच्या कडांपासून तांबूस रंग आत सरकायला लागतो. हे ऑक्सिडेशन, म्हणजे हवा लागून पानाचा रस बदलणं. त्या दिवशी घरात २७ अंश होतं, ऑक्सिडेशनला उत्तम. चैत्र-वैशाखातल्या उकाड्यात हेच काम इतक्या घाईनं होतं की चहाची चव सपाट होते, म्हणून मी पावसाळ्याचीच पत्ती धरतो. रंग मनासारखा आल्यावर मातीच्या कढईत मंद निखाऱ्यावर, देठ कटकन मोडेपर्यंत सुकवली. उष्णतेनं पानातलं हा बदल घडवणारं एन्झाइम थांबतं आणि जी चव त्या क्षणी असते ती तिथंच टिकते. तयार चहा भरला ४५ ग्रॅम. बागांमध्येही साधारण चार-साडेचार किलो ओल्या पत्तीचा एक किलो चहा होतो.

हे हातानं केल्यावर किमतीकडे पाहायची माझी नजर बदलली. आपल्या घरोघरी उकळते ती दाणेदार पत्ती सीटीसीची (क्रश, टिअर, कर्ल). १९३० च्या सुमारास आसामच्या अमगुरी बागेत विल्यम मॅकर्चर यांनी ते यंत्र आणलं. दातेरी रुळांमध्ये पान चिरडतं, फाटतं, गोळी होतं. ऑक्सिडेशन भराभर होतं. दूध-साखरेत टिकणारा कडक रंग स्वस्तात मिळतो. रोजच्या चायसाठी मीही तीच आणतो, आणि तिचा मला आदर आहे. पण यंत्राच्या पट्ट्यावर एका पानासाठी थांबता येत नाही. हातानं वळलेल्या चहात कोणीतरी प्रत्येक टप्प्यावर पत्ती हुंगून, दाबून, वाट पाहून निर्णय घेतलेला असतो. त्या निर्णयाचे पैसे द्यायला हवेत, आणि ते पाकिटावरच्या चित्राला न जाता बनवणाऱ्याला मिळायला हवेत. म्हणून विकत घेताना ‘हस्तनिर्मित’ या छापील शब्दावर मी जात नाही. बागेचं किंवा उत्पादकाचं नाव, तोडणीचा हंगाम, अख्खं पान दिसतं का, हे बघतो. दार्जिलिंगला २००४ साली देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं ते याच कारणानं, की नावामागं खरी जागा असावी. आसामातले छोटे उत्पादक आता थेट विकतात, त्यांच्याकडून अवश्य घ्या. आसाम-अरुणाचलातल्या सिंगफो आदिवासींचा बांबूच्या नळीत ठासून धुरावर मुरवलेला फालाप हा चहाही एकदा चाखा.

चाखण्यासाठी तोच चहा दोन पाण्यांत केला. २ ग्रॅम पत्ती, १०० मिली उकळतं पाणी, चार मिनिटं झाकण. बोअरच्या पाण्यात रंग काळपट, वर पातळ तवंग, वास दबलेला. जड पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहातल्या घटकांशी मिळून तो तवंग धरतात. पावसाच्या पाण्यातला चहा मात्र लख्ख तांबूस, आणि शेवटी जिभेवर मधासारखा रेंगाळला. काकाजींना दुसरा पेला दिला. त्यांनी आधी विचारलं, “याले दूध नाई काय?” मग दोन घोट घेऊन म्हणाले, “वास मस्त हाय बावा. पन साखर टाकू नको, बिघडन.” पान खुडणारा माणूस पान ओळखतो. त्यानंतर त्यांनी माझी पत्ती हातात घेऊन देठ मोडून पाहिले आणि पुढच्या तोडणीला बोलवायला सांगितलं.

खारपाण पट्ट्यातल्या मित्रांना हा पाण्याचा भाग जास्त लागू. पूर्णेकाठच्या खारट पाण्यात चांगली पत्ती वाया जाते. पावसाचं पाणी गाळून, उकळून वापरा.

पुढं डिसेंबरमध्ये हलकी छाटणी करणार. दोन कुंड्या चिखलदऱ्याला ठेवायची इच्छा आहे. तिथं कॉफी होते, उंची हजार मीटरच्या वर, थंडीही आपल्यापेक्षा जास्त. त्या गारव्यातली पत्ती चवीला वेगळी लागते का, ते मला बघायचंय. तिकडं कोणाचं अंगण असेल आणि रोज पाणी घालायची तयारी असेल, तर पहिल्या तोडणीची अर्धी पत्ती तुमची.