‘खमंग’ म्हणजे किती मिनिटं?

मला विचारला जाणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, पदार्थ तेवढा बदलतो. बेसन किती मिनिटं भाजू? कांदा किती वेळ परतू? पाक किती वेळ उकळू? विचारणारे नव्याने संसार मांडलेले असतात, शिकायला बाहेरगावी गेलेले असतात, काही परदेशात असतात. हातातल्या पाककृतीत ‘खमंग भाजा’, ‘तेल सुटेपर्यंत परता’, ‘दणदणून वाफ आणा’ असं लिहिलेलं असतं आणि आकडा कुठेच नसतो. त्यांची चिडचिड मला अगदी पटते. तरीही मी आकडा सांगत नाही. का, ते आता सविस्तरच लिहिते, कारण तुम्ही विचारलंत.

माझी कढई जाड बुडाची आहे. तुमची पातळ असेल. माझ्याकडे गॅस आहे, तुमच्याकडे इंडक्शन असेल, नाहीतर ती विजेची कॉइलची शेगडी, जी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. मी दोन वाट्या बेसन घेतलं, तुम्ही एकच घेतलं. मग माझी मिनिटं तुमच्या काय कामाची? ‘खमंग’, ‘बदामी’, ‘बोटचेपी’, ‘पळीवाढी’ हे शब्द मात्र कुठल्याही शेगडीवर चालतात, कारण ते कढईतल्या जिनसाबद्दल बोलतात. वास कसा यायला हवा, डाळीचा दाणा बोटाने दाबल्यावर कसा चेपायला हवा, आमटी पळीतून कशी पडायला हवी, ते त्यात सांगितलेलं असतं. फक्त आपल्याला ते कुणीतरी एकदा उलगडून दाखवावं लागतं.

फोडणीपासून सुरुवात करू. तेल तापत ठेवलं की मोहरीचा एक दाणा टाकून पाहा. तळाशी नुसता बसून राहिला तर तेल तापलेलं नाही. टाकल्याबरोबर काळा पडला तर जास्त तापलंय. कढई उतरवा, थोडं थांबा. लगेच तडतडला की बाकीची मोहरी घाला. मोहरीच्या आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि दाणा फुटतो, तोच तो आवाज. आता फक्त ऐकायचं. तडतड वाढत जाते, जोरात येते आणि मग विरळ होऊ लागते. विरळ झाली की जिरं. जिरं फुललं की आच बारीक करून हिंग, मग हळद, आणि लगेच भाजी किंवा डाळ. हळद सर्वांत शेवटी, कारण ती बारीक पूड आहे आणि क्षणात करपते. करपली की रंग तपकिरी होतो आणि अख्ख्या भाजीला कडवटपणा येतो. पण ती तेलात पडायला हवीच. हळदीचा रंग तेलात जसा उतरतो तसा पाण्यात उतरत नाही. वरून घातलेली हळद भाजीला कच्चट वास देते, तो कितीही शिजवलं तरी पुरता जात नाही.

लाल तिखट फोडणीत घालायचं असेल तर गॅस बंद करून घाला आणि लगोलग रस्सा ओता. तर्री तांबडीलाल येते.

कांद्याबद्दल मला जरा जोर देऊन बोलायचं आहे. ‘पाच मिनिटांत कांदा लालसर परता’ असं लिहिणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. कांद्यात पाणी भरपूर असतं आणि ते आहे तोवर कांदा १०० अंश सेल्सिअसच्या फार पुढे तापू शकत नाही. लालसर रंग आणि तो गोडसर वास यायला साधारण १४० अंशांच्या पुढची उष्णता लागते. म्हणजे आधी पाणी उडणार, कांदा पारदर्शक होणार, मग गुलाबीसर, मग बदामी. मोठ्या आचेवर घाई केली तर कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. पोह्यांना पारदर्शक कांदा पुरतो. मटणाच्या रश्श्याला बदामीच्या अलीकडे थांबलात तर रस्सा फिकाच लागणार.

‘तेल सुटणं’ हेही याच पाण्याचं गणित. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण कढईत पडलं की आधी फडफड होते, शिंतोडे उडतात, तेल कुठे गेलं कळत नाही. पाणी उडत जातं तसा आवाज खाली येतो, वाटण एकत्र होऊन उलथन्याबरोबर सरकायला लागतं आणि कडेने तेल दिसू लागतं. ते दिसल्यावरच पाणी घाला, आणि शक्यतो गरम घाला.

आता वाफ. आपल्याकडची एक रीत मला फार आवडते आणि हल्ली ती मागे पडत चालली आहे: झाकणावर पाणी ठेवणं. फरसबी, कोबी, गवार अशी कोरडी भाजी फोडणीत परतली की कढईवर खोलगट ताटली ठेवायची आणि ताटलीत पाणी ओतायचं. पाण्यामुळे ताटली फार तापत नाही, आतली वाफ तिला लागून थेंबाथेंबाने परत भाजीवर पडते, आणि भाजी स्वतःच्याच रसात शिजते, खाली लागत नाही. मधेच भाजी कोरडी वाटली तर ताटलीतलं तेच कोमट झालेलं पाणी शिंपडायचं. ‘दणदणून वाफ’ म्हणजे ताटली उचलल्यावर चेहऱ्याकडे गरम लोट यायला हवा. नुसता ओलसरपणा दिसला तर परत झाका.

बेसनाच्या लाडवांचा प्रश्न दिवाळीच्या आसपास हमखास येतो. बारीक आच, जाडसर दळलेलं बेसन, आणि हात थांबवायचा नाही. सुरुवातीला बेसन तूप पिऊन टाकतं, घट्ट आणि जड होतं, हात भरून येतो. इथेच लोक घाबरून आणखी तूप घालतात, आणि मग लाडू बसतात. घालू नका. भाजत राहिलात की ते आपोआप सैल होतं, प्यालेलं तूप परत बाहेर येतं, उलथनं हलकं फिरू लागतं. त्याच सुमाराला वास बदलतो. कच्च्या डाळीचा वास जाऊन शेजारच्या खोलीतल्या माणसाने ‘काय करतेस गं’ विचारावं असा वास सुटतो. तो खमंग. मग दुधाचा हबका मारा, बेसन फसफसून रवाळ होईल. पिठीसाखर मात्र कोमट झाल्यावरच, नाहीतर ती विरघळून मिश्रण पातळ होतं.

पाकाला तर मिनिटं लावणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. साखरेतलं पाणी उडत जातं तसं पाकाचं तापमान चढत जातं, आणि एकतारीपासून गोळीबंदपर्यंतचा प्रवास जेमतेम दहा अंशांचा आहे: एकतारी साधारण १०५ अंशांना, गोळीबंद ११५ च्या आसपास. त्यामुळे थेंब बशीत काढून, जरा निवू देऊन, अंगठा आणि तर्जनीत धरून बघत राहायचं. एक तार न तुटता निघाली की रव्याच्या लाडवाचा पाक झाला. गुळाच्या पाकाचा थेंब वाटीभर गार पाण्यात सोडा. मऊ गोळी वळली तर तिळाचे लाडू मऊ होतील. थेंब बशीवर टाकल्यावर टणकन वाजला तर चिक्की. कॉइलवाल्यांनी पाक होण्याच्या जरा आधीच भांडं बाजूला घ्यावं, बटण बंद करून भागत नाही.

मिनिटं खरोखर कामाला येतात ती कुकरमध्ये, आणि गंमत म्हणजे तिथे आपण घड्याळाकडे न बघता शिट्ट्या मोजतो. पूर्ण दाब आल्यावर आतलं तापमान १२० अंशांच्या जवळपास स्थिर राहतं. शिट्ट्या किती भराभर होतात ते मात्र आच आणि पाणी ठरवतात. म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ लावा. भिजवलेल्या तुरीच्या डाळीला आठ-दहा मिनिटं पुरेत. चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घाला. आंबट पदार्थांत डाळ मऊ व्हायला फार वेळ घेते.

‘मग सुरुवात कशाने करू?’ हा पुढचा प्रश्न असतोच. बटाट्याच्या काचऱ्यांनी करा. बटाटे सालासकट धुऊन पातळ चकत्या, शक्यतो सारख्या जाडीच्या. तेल जरा सढळ, मोहरी, हिंग, हळद. काचऱ्या परतून एक वाफ आणा, पण नंतर झाकण काढून टाका, नाहीतर भाजी गिचका होते. काचरी उलथन्याने सहज तुटू लागली की तिखट-मीठ घाला आणि मधेमधेच हलवा. सारखं ढवळलं तर कडा लाल व्हायला वेळच मिळत नाही. पोळ्या आधी करून ठेवा. काचऱ्या थांबल्या की मऊ पडतात.