नंदी पलीकडे, देव अलीकडे

आज मामांसोबत खिद्रापूरला जाऊन आलो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्याचं टोक, कृष्णेच्या पलीकडं कर्नाटक. चहाच्या टपरीवर एकच माणूस मामांशी मराठीत आणि शेजारच्याशी कन्नडमध्ये बोलत होता, मध्ये श्वासही न घेता!

कोपेश्वराचं, म्हणजे शंकराचं देऊळ शिलाहार राजांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेखही आहे. पण मी अडकलो स्वर्गमंडपात. ४८ खांब, आणि छताला मधोमध गोल मोकळं आभाळ. दुपारी उन्हाचा गोळा खालच्या गोल शिळेवर पडला होता. एक पोरगं त्यात उभं राहून आपलीच सावली शोधत होतं. बाहेर खालच्या थरात हत्तींची रांग, बहुतेकांच्या सोंडा तुटलेल्या. त्या फुटलेल्या दगडावरून हात फिरवला, तर कड अजून बोचते.

समोर नंदी मात्र नाही. सती त्याच्यावर बसून माहेरी यज्ञाला गेली आणि परतली नाही, म्हणून देव कोपला. नंदी राहिला नदीपल्याड यडूरला, अशी कथा. मामा म्हणाले, "म्हंजे देव महाराष्ट्रात, नंदी कर्नाटकात. सीमावाद लई जुना हाय बघ."

येताना नृसिंहवाडीची बासुंदी घेतली. अर्धी वाटेतच संपली.