नऊ वर्षांची पोरं आणि पिवळा बॉल

आज क्लबच्या टेनिस कोर्टवर पुन्हा तेच. नऊ वर्षांची पोरगी, हातात मोठ्यांची 27 इंची रॅकेट, समोर मोठ्यांचाच पिवळा बॉल. उसळी खांद्याच्या वर, म्हणून ग्रिप सरकत सरकत पार वेस्टर्नकडे, म्हणजे तळवा मुठीच्या खाली जाणाऱ्या पकडीकडे. ही सवय नंतर सुटता सुटत नाही. दहा वर्षांखालच्या स्पर्धांत आयटीएफने (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने) 2012 पासून पिवळा बॉल बंद केलाय, तो उगाच नाही. पोरांसाठीचा ऑरेंज बॉल पिवळ्यापेक्षा साधारण निम्म्याने मंद, कोर्ट 18 मीटर लांब, रॅकेट 25 इंची. मग बॉल कमरेजवळ येतो, रॅली होते. पण पालकांना घाई!

दुसरं दुखणं संध्याकाळच्या कोर्टांचं. मेंबरांच्या डबल्समधून उरेल ती वेळ पोरांची. निदान एक कोर्ट ठरलेल्या दिवशी त्यांच्यासाठी राखा. आणि तयारीच्या ज्युनिअरला चौथा भिडू म्हणून घ्या. पन्नाशीतले काका मारतात तसले स्लाइस (कापून मारलेले फटके) आणि लॉब (डोक्यावरून उंच टाकलेले बॉल) बास्केट ड्रिलमध्ये, म्हणजे टोपलीतले बॉल एकामागून एक देऊन घेतलेल्या सरावात, मिळत नाहीत.