तुम्ही विचारलंत म्हणून: काल चालणारा प्रोग्रॅम आज का चालत नाही?

पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकणारे, पायथनवर रोजचं काम करणारे आणि एखाद्या एक्सेल फाइलपुरते पायथनकडे वळणारे, सगळे मला फिरून फिरून तेच विचारतात. "भाषा सोपी आहे म्हणता, मग काल चालणारा प्रोग्रॅम आज का चालत नाही? आणि भाषा जर कुणाच्याच मालकीची नाही, तर तक्रार करायची कुणाकडे?"

भाषा सोपी आहेच. अडतं ते तिच्या भोवतीच्या जुळणीत. आपल्या संगणकावर एकच पायथन आहे असं आपण धरून चालतो, पण बऱ्याच जणांकडे तीन-तीन असतात. एक लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर आलेलं, एक स्वतः उतरवून घेतलेलं, एक ॲनाकोंडाने (पायथनसकट बरीच साधनं एकत्र देणारा संच) आणलेलं. टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायची खिडकी) पिप या इन्स्टॉल करणाऱ्या साधनाने पॅकेज, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, टाकलं, ते व्यवस्थित बसल्याचा संदेशही आला, आणि एडिटरमध्ये प्रोग्रॅम चालवला तर 'मॉड्यूल नॉट फाउंड', म्हणजे तो कोड सापडलाच नाही. दोन्ही संदेश खरे असतात. पॅकेज एका पायथनमध्ये गेलं आणि प्रोग्रॅम दुसऱ्याने चालवला. म्हणून कुणी एररचा फोटो पाठवला की मी आधी 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' छापून बघायला सांगते. चालू असलेल्या पायथनचा पूर्ण पत्ता त्यातून कळतो आणि बऱ्याचदा तिथेच उलगडा होतो. त्यानंतरचा उपाय साधा आहे: नुसतं 'पिप' लिहायचं नाही, ज्या पायथनने प्रोग्रॅम चालवणार त्याच्याच मार्फत पिप चालवायचं. आणि प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांचा वेगळा कप्पा) द्यायचं, प्रकल्प कितीही छोटा असो.

डेबियन १२ आणि त्याच सुमाराचं उबुंटू ही लिनक्सची रूपं २०२३ साली आली, तेव्हापासून तिथलं पिप सिस्टीमच्या पायथनमध्ये काही टाकायलाच नकार देतं. लोक वैतागतात आणि कुठूनतरी 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' हा पर्याय शोधून तो जोडून मोकळे होतात. असं करू नका. ऑपरेटिंग सिस्टीमची स्वतःची कितीतरी कामं त्याच पायथनवर चालतात. हा नकार तुमच्या भल्याचा आहे.

आता "काल चालत होतं" याबद्दल. अलीकडे पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षं आधार मिळतो. नव्या आवृत्तीत जुन्या गोष्टी काढूनही टाकल्या जातात. २०२३ च्या ३.१२ मधून पॅकेज बांधण्यासाठीचं 'डिस्टयुटिल्स' हे जुनं मॉड्यूल गेलं आणि त्याच्या भरवशावर असलेली जुनी पॅकेजं इन्स्टॉल होईनाशी झाली. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजची २.० आवृत्ती आली, तेव्हा आधीच्या नमपायवर कंपाइल केलेली (यंत्राच्या भाषेत बदललेली) इतर पॅकेजं एकाएकी कोसळू लागली. तुमच्या प्रोग्रॅमचं एक अक्षरही बदललेलं नसतं. तुम्ही फक्त दुसऱ्या संगणकावर सगळं नव्याने टाकता, आणि आवृत्ती लिहून ठेवलेली नसल्यामुळे पिप ताजी आवृत्ती आणतं. चालत्या प्रकल्पातल्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या एका फाइलीत नोंदवून ठेवणं हे माझ्या मते प्रोग्रॅम लिहिण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. नव्या आवृत्तीवर उडी मारायलाही घाई नको. पहिले काही आठवडे अनेक पॅकेजांची तयार व्हील (आधीच बांधून ठेवलेल्या फाइली) उपलब्ध नसतात. मग पिप मूळ सोर्समधून बांधायला जातं, कंपायलर सापडत नाही आणि पडदाभर लाल मजकूर येतो.

नावांचा घोळ नवख्यांना फार छळतो. टाकायचं सायकिट-लर्न आणि इम्पोर्ट करायचं (प्रोग्रॅममध्ये वापरायला आणायचं) एसकेलर्न, टाकायचं पिलो आणि इम्पोर्ट पीआयएल. अंदाजाने नाव टाइप करणं तर धोक्याचं आहे, कारण प्रसिद्ध पॅकेजांच्या स्पेलिंगशी मिळतीजुळती नावं घेऊन घातक पॅकेजं चढवल्याचे प्रकार झाले आहेत. नाव नेहमी त्या पॅकेजच्या अधिकृत दस्तऐवजातून उचला. विंडोजवर देवनागरी मजकुराची फाइल वाचताना अक्षरांचा चिवडा होतो, तिथे फाइल उघडतानाच एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे हे स्पष्ट लिहा, प्रश्न मिटतो.

राहिला तक्रारीचा प्रश्न. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. २०१९ पासून मुख्य डेव्हलपरांनी निवडलेली पाच जणांची समिती भाषेची दिशा ठरवते. पॅकेजांचं मात्र वेगळं आहे. तुम्ही रोज वापरता त्यातली कित्येक एकदोन माणसं आपल्या फावल्या वेळात सांभाळत असतात. त्यांच्याकडून उत्तर यायला वेळ लागतो, पण सांगितलेलं वाया जात नाही. भाषेतलंच एक उदाहरण बघा. शिकणारी मुलं हमखास आपल्या फाइलला 'रँडम डॉट पीवाय' असं नाव देतात. पायथन आधी त्याच फोल्डरमध्ये शोधतं, त्यामुळे पायथनच्या खऱ्या रँडम मॉड्यूलऐवजी ही फाइलच इम्पोर्ट होते, आणि त्या मॉड्यूलमधलं 'रँडिंट' हे फंक्शन सापडत नाही अशी कोड्यात टाकणारी एरर येते. वर्षानुवर्षं लोक यात अडकत होते. २०२४ च्या ३.१३ पासून एररच सांगते की तुमच्या फाइलचं नाव आणि मूळ मॉड्यूलचं नाव एकच आहे, फाइलचं नाव बदलून बघा.

तेव्हा चूक भाषेची किंवा पॅकेजची आहे अशी खात्री झाली तर अवश्य नोंदवा. पायथनची आणि पॅकेजची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, पूर्ण ट्रेसबॅक (एरर कुठून आली ते दाखवणारा मजकूर) आणि तीच एरर देणारा सात-आठ ओळींचा प्रोग्रॅम, एवढं द्या. आपलं इंग्रजी कच्चं आहे म्हणून बरेच जण थांबतात. थांबू नका. त्या सात-आठ ओळी समोरचा माणूस स्वतः चालवून बघू शकतो.